पावणेदोनशे म्हणजे १९९.७५ का? (अन ८÷२(२+२) चं भांडण पण सोडवा)

वडगाव_किराणा

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत खरं मूळ एकच वाटतंय, म्हणून एकत्रच लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

बेळगावच्या वडगावात आमचं छोटं किराणा दुकान आहे. संध्याकाळी मुलगी गल्ल्यावर बसते, आठवीला आहे, इंग्लिश मीडियम, गणितात ९० च्या खाली मार्क नाहीत. परवा गल्लीतली एक आजी आली, सामान झालं ३२५ चं, पाचशेची नोट दिली. पोरीनं मोबाईलवर वजाबाकी केली अन १७५ मोजायला लागली, तेवढ्यात आजी म्हणाली "पावणेदोनशे दे गं बाळ". पोरगी म्हणते "नाही आजी, १७५ च होतात". आजी म्हणते "तेच की, पावणेदोनशे". ही परत मोबाईल पुढं करते. दोघी एकाच आकड्यावरून पाच मिनिटं भांडल्या, मागं दोन गिऱ्हाईकं हसत उभी, मी आतून तांदळाचं पोतं घेऊन बाहेर आलो तेव्हा कुठं मिटलं.

रात्री जेवताना विचारलं, तुला पावणेदोनशे म्हणजे काय वाटलं? म्हणाली "पावणे म्हणजे पाव कमी ना पप्पा, मग दोनशेला पाव कमी म्हणजे १९९.७५. मला वाटलं आजी चोवीस-पंचवीस रुपये जास्त मागतेय". आता यात चूक काय ते मला धड सांगता येईना, क्षणभर मलाच पटलं ते.

दुसरं असं की आमचे वडील. रविवार पेठेत अडत दुकानात ३० वर्षं दिवाणजी होते, पाढे तीसपर्यंत, पावकी-निमकी (पावाचे अन अर्ध्याचे पाढे) सगळं तोंडावर. फॅमिली ग्रुपवर कुणीतरी ते ८÷२(२+२) टाकलं. वडील म्हणाले १, नात म्हणाली १६, कोल्हापूरचे भावोजी म्हणाले १ अन वर दोन अंगठे. पोरगी म्हणते बॉडमास, वडील म्हणतात तुझ्या बॉडमासला आमच्यात कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) म्हणायचे अन त्यात "चे" पण आहे, ते कुठं घालवलंस? चार दिवस झाले घरात हाच विषय चाललाय, चहा पण वेगवेगळा पिऊलालेत दोघं.

तर विचारायचं असं, बरोबर कोण? अन त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ज्या पोरीला एवढे नियम येतात तिला पाचशेतून ३२५ तोंडी का जाईनात? माझ्या वयाच्या कुणालाही जातात. काय करावं, अबॅकसच्या क्लासला घालावं का?


रिटायर्ड_खडू

वडगाव_किराणा, खानापूर तालुक्यात गणित शिकवण्यात आयुष्य गेलं, म्हणून थोडं हक्कानं लिहितो.

आधी भांडण मिटवू. तुमचे वडीलही बरोबर, मुलगीही बरोबर. चूक त्याची ज्यानं ते असं लिहिलं. २ आणि कंस यांच्यामध्ये चिन्हच नाही. असा चिकटलेला गुणाकार कित्येक लोक आधी सोडवतात. बीजगणितात ८÷२क असं दिसलं तर तुम्ही २क ही एकच वस्तू धरता ना, तसं. तसं धरलं की ८÷८, म्हणजे १. मध्ये सरळ गुणिले घातलं, ८÷२×४, तर डावीकडून उजवीकडे जायचं, १६. सायंटिफिक कॅलक्युलेटरांचंसुद्धा यावर एकमत नाही, काही मॉडेल १ दाखवतात काही १६. २०१९ साली याच गणितावर जगभर भांडणं झाली. ज्याला खरंच काही मोजायचं असतं तो एक कंस जास्त घालतो आणि मोकळा होतो.

पण "कंचेभागुबेव"नं आमच्या मुलांचं एक नुकसान केलंय ते सांगतो. भा आधी आणि गु नंतर आला म्हणून मुलांना वाटतं भागाकार थोरला. तसं नाही, दोघं एका पाटावर बसलेत, डावीकडून जो आधी येईल त्याला आधी वाढायचं. बेरीज-वजाबाकीचंही तेच. १० − ३ + २ फळ्यावर लिहिलं की वर्गातली निम्मी पोरं ३ + २ = ५ करून १० मधून घालवायची आणि उत्तर ५ द्यायची, का तर "बे" आधी आहे. खिशात १० होते, ३ खर्चले, २ मिळाले, किती राहिले असं विचारलं की तीच पोरं पटकन ९ म्हणायची.

आणि गुणाकार बेरजेच्या आधी का, हे तर कुणी सांगतच नाही. २ + ३×४ म्हणजे दोन सुट्या वह्या आणि चार-चार वह्यांचे तीन गठ्ठे. गठ्ठे फोडल्याशिवाय वह्या मोजणार कशा? १४ झाल्या. आता गंमत म्हणून हेच तुमच्या दुकानातल्या साध्या टेबलावरच्या कॅलक्युलेटरवर दाबा, २ अधिक ३ गुणिले ४ बरोबर. २० येईल. मोबाईलवर १४ येईल. साधं मशीन जसं दाबाल तसं लगेच करत जातं, त्याला पुढं काय येणार ते माहीत नसतं. मुलीला हे दाखवाच, कॅलक्युलेटरवरचा आंधळा विश्वास थोडा हलू दे.

पाचशेतून ३२५ चं उत्तर सोपं आहे. ती वजाबाकी करायला बघते. तुम्ही वजाबाकी करतच नाही, तुम्ही भर घालता. ३२५ ला ७५ घातले की चारशे, वर एक शंभर. एकाखाली एक आकडे मांडून हातचा घ्यायची पद्धत कागदासाठी आहे, डोक्यात ती करायला गेलं की हातचा सांडतो. अबॅकसला पैसे घालण्याआधी महिनाभर तिला गल्ल्यावर मोबाईल न देता बसवा. सुट्टे परत देताना आकडा बोलत द्यायचा, "३२५, हे साडेतीनशे, हे चारशे, हे पाचशे". पाच-दहा रुपये इकडं तिकडं होतील, क्लासच्या फीपेक्षा स्वस्तच पडेल.


बांधावरचा

सर बरोबर बोलूलाले खरं मी एक वेगळंच सांगतो, कॅलक्युलेटरनं आमच्यात जवळजवळ भांडण लावलं होतं.

आमची जमीन इकडं बेळगाव तालुक्यात, दोन तुकडे, वडिलांच्या माघारी वाटण्या करायच्या होत्या, मी, भाऊ अन अक्का. उताऱ्यावर एका तुकड्याला १.२० अन दुसऱ्याला १.२५ असं होतं. भावाचा पोरगा बंगळूरला इंजिनिअर, त्यानं मोबाईल काढला, १.२० अधिक १.२५, २.४५, झाली की अडीच एकराला थोडी कमी, तिघांत भागा. एक्सेल शीट करून सगळ्यांना पाठवून पण दिलं, रंगीबेरंगी. आमची अक्का चौथी शिकलीय, ती म्हणाली "अरे दोन्ही दीड-दीड एकराचे तुकडे, एकात तर पाच गुंठे वर, अन मिळून तीन पण होईनात? मधली कुणी खाल्ली?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्या कर्नाटकच्या उताऱ्यावर तो टिंब दशांशचा नसतोय. एकर, मग गुंठे, मग आणे. ४० गुंठ्याचा एकर, १६ आण्याचा गुंठा. म्हणजे १.२० म्हणजे एक एकर वीस गुंठे, सरळ दीड एकर. वीस अन पंचवीस पंचेचाळीस गुंठे, त्यातला चाळीसचा एकर झाला, वर पाच, म्हणजे ३ एकर ५ गुंठे. सगळं गुंठ्यात केलं तर १२५ गुंठे. त्या पोराच्या २.४५ चे गुंठे केले तर ९८. सत्तावीस गुंठे गायब!! ते पण रोडला लागून.

तिघांत भागलं तर एकेकाला १ एकर १ गुंठा अन वर साडेदहा-पावणेअकरा आणे, ते आण्याचं आम्ही सोडून दिलं, अक्काच्या बाजूला घातलं, तिनंच पकडलं होतं म्हणून.

अन शिनोळीच्या पलीकडं गेलं, महाराष्ट्रात चंदगड तालुक्यात, की तिथल्या सातबाऱ्यावर हेक्टर अन आर. शंभर आरचा हेक्टर, तिथं मोबाईलवर बेरीज केली तर बरोबर येत्या. आमच्या मामाची शेती तिकडं, मामा म्हणतोय तुम्ही लोक अजून आण्यात कसं काय, मी म्हणतो तुमच्यात आर असला तरी बांधावर सगळे गुंठाच म्हणतेत की. एक आर अन एक गुंठा जवळजवळ सारखाच, तेहतीस बाय तेहतीस फुटाचा गुंठा, १०८९ स्क्वेअर फूट. पोरांना शाळेत हे शिकवत नाहीत अन वर्गमूळ शिकवतेत. वर्गमूळ कुठल्या बांधावर लागलंय सांगा.


पुण्यात_सध्या

सगळ्यांचा मान ठेवून बोलतो, मी पण शहापूरचा आहे, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. मला हा तोंडी हिशोबाचा गहिवर कळत नाही. आमच्या आजोबांना बैलगाडी जुंपता यायची, मला येत नाही, काही बिघडलं नाही. मशीन आहे तर मशीन वापरा. पोरीला नियम येतात, गणिताची समज आहे, पुढं जाईल. पाढे तीसपर्यंत पाठ करून आमच्या वर्गातला एकही पुढं गणितात गेला नाही, एक मात्र पोलिसात गेला.

त्या जमिनीच्या गोष्टीत पण चूक कॅलक्युलेटरची नाही, टिंबाचा अर्थ माहीत नसण्याची आहे. तुम्ही तोंडी केलं असतं १.२० + १.२५ तरी २.४५ च आलं असतं.


बांधावरचा

पुण्यात_सध्या, तोंडी केलं असतं तर "दीड एकर अन दीड एकर पाच गुंठे" असंच तोंडात आलं असतं दादा. एकावर वीस असं कोण बोलतंय जमिनीला?


निपाणीची_लेक

हा धागा वाचून आईची आठवण आली म्हणून लॉगिन केलं, एरवी नुसती वाचते.

माझी आई निपाणीत विड्या वळायची. शाळेचं तोंड बघितलं नव्हतं, सही म्हणजे अंगठा. आमच्यात पंचवीस विड्यांची कट्टी बांधायची पद्धत. संध्याकाळी विड्या द्यायला गेलं की तिथला मोजणारा माणूस खराब म्हणून काही कट्ट्या बाजूला काढायचा अन उरलेल्याचा हिशोब वहीत मांडायचा. आई उभी राहून नुसती ओठ हलवायची अन त्याच्या आधी आकडा सांगायची. सदतीस कट्ट्या राहिल्या तर "सदतीस पाव सव्वानऊ, सव्वानऊशे". तो माणूस खाली सदतीस, वर पंचवीस, पाच साती पस्तीस, हातचे तीन, असं करत ९२५ वर यायचा. समजा हजाराला वीस रुपये असले तर साडेअठरा झाले, हे पण ती घरी यायच्या आधी वाटेतच सांगायची.

हे तिनं कुठं शिकलं तर तिच्या आईकडून, जात्यावर. आजी पावकी गाणं म्हटल्यासारखी म्हणायची. एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक, पाच पाव सव्वा, सहा पाव दीड, सात पाव पावणेदोन, आठ पाव दोन. यात पंचवीस हा आकडा कुठंच नाही, बघा. तिला पंचवीसचा पाढा येत नव्हता, पाव येत होता. पाव आला की पंचवीस, अडीचशे, चवली-पावली सगळं त्यातनंच निघायचं.

वडगाव_किराणा भाऊ, तुमचे वडील दिवाणजी होते तर त्यांना विचारा अडीचकी, म्हणजे अडीचचा पाढा, कशासाठी पाठ करायचे. आमच्या एका चुलत आजोबांनी सांगितलेलं मला अजून आठवतं. रुपयाचे सोळा आणे अन मणाचे चाळीस शेर. चाळीसला सोळानं भागलं की अडीच. म्हणून मणाला जितके रुपये भाव, तितकेच आणे अडीच शेराला. मण ३६ रुपये असला तर अडीच शेराला ३६ आणे, सव्वादोन रुपये. भागाकार गुणाकार काही नाही, नुसता शब्द बदलायचा. बाजारातला माणूस त्या किल्लीवर चालायचा. मग १९५७ च्या एप्रिलमध्ये रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, मागोमाग किलो आले, अन ती किल्ली कुठल्याच कुलपाला लागेना. कॅलक्युलेटर तर त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला. त्यामुळं मोबाईलनं डोकं बिघडवलं असं सगळे म्हणतात ते मला पूर्ण पटत नाही. मोबाईल यायच्या आधीच अडीचकी-औटकी गेलेली होती, मी स्वतः औटकी कधी शिकले नाही. साडेतीनचा पाढा, औट. साडेतीन हात देह म्हणतात ना, तेवढाच औट मला माहीत.

पण पावकी-निमकी कशाला सोडली आपण हे मला अजून कळलं नाही. किलोला पण पाव आहे, अर्धा आहे, पाऊण आहे. शंभर पैशाला पण आहे. तुमच्या दुकानात कोण २५० ग्रॅम साखर मागतं? पावशेर मागतात अजून, शेर जाऊन साठ वर्षं झाली तरी.


एरडूवरे

मी इथला, टिळकवाडीत राहतो, घरी मराठी, शाळा कन्नड मीडियम, कॉलेज इंग्लिश. माझं नाव बघूनच कळलं असेल, एरडूवरे म्हणजे अडीच 😀

आमच्या बाई रोज पाढे म्हणायला सांगायच्या, कन्नडमध्ये पाढ्यांना मग्गी म्हणतात. पहिलीत घरी येऊन मी आईला म्हटलं उद्या मग्गी पाहिजे, आईनं दुसऱ्या दिवशी डब्यात मॅगी करून दिली. खरी गोष्ट.

सांगायचं वेगळंच आहे. मराठीत एकवीस म्हणताना एक आधी येतो अन वीस नंतर. लिहिताना २ आधी अन १ नंतर. कन्नडमध्ये इप्पत्तोंदु, वीस-एक, जसं बोलता तसं लिहिता. म्हणून मला कन्नडमध्ये आकडे लिहायला कधी त्रास झाला नाही, अन घरी आजोबा "एकोणऐंशी लिही" म्हणाले की मी हमखास ८९ लिहायचो, कारण ऐंशी ऐकलं की हात आठाकडं गेलाच. एकोणऐंशीत ना सात ऐकू येतो ना नऊ. २०१९ ला महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक" असं पण वाचायला दिलं त्यावरून केवढा गोंधळ झाला होता, गणितज्ञ मंगला नारळीकर बाई समजावून सांगत होत्या अन लोक जोक करत होते. आपल्या इकडच्या मराठी शाळांत कर्नाटकचीच पुस्तकं, त्यामुळं आपल्यापर्यंत नुसते जोकच आले. मला मात्र तेव्हा वाटलं होतं की बाई म्हणतात ते खरंय, मी रोज भोगलंय.

आता तुमच्या पोरीच्या १९९.७५ बद्दल. ती चुकली नाही हो, तिनं कंस चुकीच्या जागी घातला. पावणेदोनशे म्हणजे (२ − पाव) × १००. ती समजली २०० − पाव. म्हणजे हे पण तुमच्या त्या ८÷२(२+२) सारखंच, बोलताना कंस दिसत नाही. साडेतीनशे म्हणजे (३ + अर्धा) × १००, सव्वानऊशे म्हणजे (९ + पाव) × १००. बॉडमासच्या नियमानं बघितलं तर साडेतीनशे म्हणजे ३००.५ व्हायला पाहिजे, गुणाकार आधी! मराठी माणूस शंभर वेळा बेरीज आधी करतो अन त्याला पत्ताच नसतो. कन्नडमध्ये १५० ला सरळ नूरा ऐवत्तु, शंभर अन पन्नास, कंसाची भानगडच नाही. निपाणीच्या अक्कांच्या आई ओठ हलवत जे करायच्या ते हेच, कंस तोंडातच ठेवायचा.

मी स्वतः बेरीज मराठीत करतो, फोन नंबर इंग्लिशमध्ये सांगतो, बसमध्ये सुट्टे कन्नडमध्ये मागतो. अन भांडताना शिव्या मोजायच्या झाल्या तर ते पण मराठीत.


रिटायर्ड_खडू

एरडूवरे, इतकी वर्षं शिकवलं पण साडेतीनशेतला कंस मला दिसला नव्हता. शाबास. हे मला आधी कळलं असतं तर कंसाचा धडा तिथनंच सुरू केला असता.

पुण्यात_सध्या यांच्यासाठी एक. २०२५ साली नेचर या नियतकालिकात एक अभ्यास आला, करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो, २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणारी पोरं घेतली. ती पोरं भाजी-बिजी विकताना अवघड हिशोब चुटकीसरशी करतात, कागद नाही पेन नाही. पण त्यांनाच शाळेच्या पद्धतीनं भागाकार मांडून दिला की बहुतेक अडतात. आणि उलटही खरं निघालं, शाळेत शिकणारी पोरं कागदावर सोडवतात पण बाजारातला हिशोब आला की अडकतात. म्हणजे वडगावच्या या मुलीची आणि त्या आजीची गोष्टच, फक्त मोठ्या प्रमाणावर.

आणि सगळं ठीक चाललंय असं म्हणावं तर कागदावरचंही धड नाही. असर नावाची मुलांच्या शिक्षणाची पाहणी असते, तिच्या २०२४ च्या फेरीत देशभरातल्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांत तीन आकड्यांना एका आकड्यानं भागता येणारी साधारण ३१ टक्के. आधीच्या, २०२२ च्या पाहणीत २६ च्या आसपास होती, तेव्हा सुधारणा आहे म्हणा, पण अजून शंभरातली सत्तर पोरं बाहेरच उभी आहेत. बैलगाडी न येणं वेगळं आणि हे वेगळं.


पुण्यात_सध्या

सर, मान्य. थोडं मान्य.

बदल्यात एक गंमत सांगतो, आमच्या धंद्यातली. कॉम्प्युटरला ०.१ अधिक ०.२ करायला सांगा, बऱ्याच प्रोग्रॅमिंग भाषांत उत्तर ०.३ येत नाही, ०.३ च्या पुढं पंधरा शून्यं अन मग एक ४ येतो. कारण कॉम्प्युटर आतनं दोनच्या पटीत मोजतो, एक दशांश त्याला पूर्ण मांडताच येत नाही, कुठंतरी तोडावा लागतो. पण पाव, अर्धा, पाऊण त्याला चोख येतात, एक कण इकडं तिकडं होत नाही. निमाचं निम म्हणजे पाव, पावाचं निम म्हणजे आठवा भाग, त्याला हेच कळतं. म्हणजे कॉम्प्युटरला दशांश येत नाही, पावकी-निमकी येते 😅 निपाणीच्या ताईंच्या आजी आमच्या टीममध्ये चालल्या असत्या.

अन एक माझ्याकडनं, जीएसटी १८ टक्के काढायला मी पण डोक्यातच करतो. ८५० चे वीस टक्के १७०, त्यातनं त्याचाच दहावा हिस्सा १७ काढला, १५३. आणि २५ चे १६ टक्के काढायचे असले तर उलटं करायचं, १६ चे २५ टक्के, म्हणजे सोळा पाव चार. हे मला कॉलेज संपेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.


वडगाव_किराणा

मंडळी, आठवडा झाला, काय झालं ते सांगतो.

पहिलं, एरडूवरेचा कंस पोरीला दाखवला. ती दोन मिनिटं बघत बसली अन म्हणाली "मग मराठीत बॉडमास उलटा आहे". आजोबांना लई आनंद, त्यांना वाटलं तेच जिंकले. चहा परत एकत्र सुरू झालाय.

मोबाईल काढून घेतलाय गल्ल्यावरचा. पहिले दोन दिवस गिऱ्हाईक ताटकळलं, एकानं तर "राहू दे बाळ, उद्या घेतो सुट्टे" म्हणून पळ काढला. आता भर घालून देते, मोठ्यानं बोलत, त्यामुळं शेजारच्या टेलरला पण आमचा गल्ला किती झाला ते कळतंय, ती एक वेगळीच डोकेदुखी.

खरी गंमत पुढं. वडिलांनी तिला नवाचा ताळा शिकवला. ४७ गुणिले २३ म्हणजे १०८१. आता ४ अन ७ अकरा, एक अन एक दोन. २ अन ३ पाच. दोन पंचे दहा, एक अन शून्य एक. इकडं १०८१ चे आकडे मिळवले तर दहा, म्हणजे एक. जुळलं, उत्तर बरोबर. पोरीला आवडलं. खरं अर्ध्या तासानं परत आली अन म्हणाली "आजोबा, मी चुकून १८०१ लिहिलं असतं तरी ताळा जुळलाच असता की, आकडे तेच, जागा बदलली". वडील गप्प. मला वाटलं आता परत चहा वेगळा. तर म्हणाले "बरोबर. म्हणूनच अडतीत आम्ही उलटं वापरायचो. वही जुळेना अन फरकाला नवानं पूर्ण भाग गेला, की समजायचं कुठंतरी दोन आकडे एकमेकाच्या जागी बसलेत. मग अख्खी वही तपासायची नाही, उलटापालट शोधायची."

काल रात्री उधारीची वही अन गिऱ्हाईकानं सांगितलेला आकडा जुळेना. फरक ५४ चा. मी डोकं धरून बसलो, पोरगी म्हणते "नऊ सक चोपन्न पप्पा, उलटापालट बघा". पाच मिनिटांत सापडलं. मंगळवारी मी आतनं ओरडून सांगितलं होतं "दोनशे ब्याऐंशी मांड गं", अन तिनं ब्या आधी ऐकला, दोन आधी लिहिला, मग ऐंशीचा आठ. वहीत २२८.


एरडूवरे

काका, मी सांगितलेलं की. इन्नूरा एंबत्तेरडु म्हणून ओरडला असता तर चोपन्न रुपये गेले नसते 😀